तिसऱ्या खोलीतील विणकर आणि त्याची शिदोरी

भुताच्या खोलीत एकटीने मुक्काम करायला जाणार आहे, हे घरी सांगण्यापूर्वी मी ते वाक्य वहीत लिहून पाहिले. लिहिलेले वाक्य मला भीत नाही, मी त्याला भीत नाही. बोलायची वेळ आली की मात्र आमचे संबंध बिघडतात. शेवटी रविवारी जेवताना ते एका दमात म्हणून टाकले. आई म्हणाली, "पाण्याची बाटली ने." आमच्या घरी तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. नान्नांनी एवढेच विचारले, "भूत कोणाचं?"

"विणकराचं."

"मग हरकत नाही," नान्ना म्हणाले. त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे मागावर काढली आहेत. "आपल्यातलाच आहे."

अक्कलकोटच्या पुढे, मैंदर्गीला जाणाऱ्या रस्त्यालगत, संस्थानी काळातली एक दगडी धर्मशाळा आहे. आता तिच्या दारावर 'लॉजिंग व घरगुती जेवण' असा निळा फलक आहे. तिथल्या तिसऱ्या खोलीत पहाटे माग चालल्याचा आवाज येतो, असे मी एका चित्रफितीत ऐकले होते. निवेदक 'माग, माग' म्हणत होता, पण माग कसा वाजतो हे त्याला ठाऊक असावे असे वाटले नाही. मला ठाऊक आहे. माझा पाळणा मागाच्या खोलीतच टांगलेला होता. जगात निदान एका विषयावर तरी माझे मत कोणी विचारात घ्यावे, या भावनेने मी निघाले.

सोलापूरच्या बसस्थानकावरून अक्कलकोटची बस दर थोड्या वेळाने मिळते. महिलांना तिकीट अर्धे पडते, त्यामुळे एकटीने फिरण्याच्या विरोधात खर्चाचे कारण उरत नाही. अक्कलकोटला उतरून मैंदर्गीची बस धरावी. खिडकी डाव्या बाजूची घ्यावी, कारण दुपारचे ऊन उजवीकडून येते. दिवाळीनंतरचे दिवस निवडले तर दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेइतकी उभी असते आणि वारा आला की सगळे शिवार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळते. मधूनच मेंढ्यांचा कळप रस्ता अडवतो. चालक कर्णा वाजवत नाही, इंजिन बंद करून तंबाखू मळत बसतो. घाईत असलेल्यांनी या रस्त्याला येऊ नये.

"धर्मशाळेजवळ थांबवाल का?" हे वाक्य मी अक्कलकोटपासून मनात घोळवत आणले होते. वाहकाने ते पूर्ण होऊच दिले नाही.

"भुताकडं व्हय? उतरा की. हितंच हाय."

धर्मशाळा पाहताक्षणी आवडली. जाड दगडी भिंती, मधोमध चौक, भोवती कमानींची ओसरी आणि ओसरीवर सहा खोल्या. दाराबाहेर छातीइतक्या उंचीचे दगडी ओटे आहेत. पूर्वीच्या वाटसरूंनी डोक्यावरचे ओझे कोणाच्या मदतीशिवाय उतरवावे म्हणून ते इतके उंच बांधले. एकट्याने प्रवास करणाऱ्यांचा विचार करणारे कोणीतरी तेव्हाही होते, याचा मला मनापासून आनंद झाला.

"बर्री, बर्री!" 'या, या' म्हणणारा एक ठसठशीत आवाज आतून आला. इरव्वा अक्का कपाळावर मोठे कुंकू लावून, पदर खोचून बाहेर आल्या. पन्नाशीच्या असतील. नवरा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे आणि शनिवारी येतो. त्यामुळे धर्मशाळा त्या एकट्याच चालवतात. बोलतात मराठीत, आपुलकी मात्र कन्नडमध्ये व्यक्त करतात.

"तीन नंबर तुलाच पायजे? येकटीला?" त्यांनी मला खालून वर पाहिले. "आगं यव्वा, त्या खोलीत दांडगी दांडगी मान्सं येतात आन् पहाटं माज्या सैपाकघरात येऊन बसतात."

मी म्हटले, आमच्या घरी माग होता. त्यांनी लगेच माझी पिशवी स्वतः उचलून तिसऱ्या खोलीत ठेवली.

खोलीची व्यावहारिक माहिती अशी. दोन वेळच्या जेवणासह दिवसाला सहाशे रुपये. खाट लोखंडी, गादी कापसाची, चादर आपली न्यावी. गरम पाणी सात वाजल्याशिवाय मिळत नाही. मोबाइलला रेंज फक्त बाहेरच्या ओट्यावर चढल्यास येते. रस्त्याच्या बाजूला एक खिडकी आहे आणि तिचा दगडी कट्टा रुंद आहे. खाटेसमोरच्या भिंतीत एक खोल कोनाडा आहे, त्यात दिवा.

रात्री ओसरीवर पंगत बसली. माझ्याशिवाय टेंभुर्णीचे तिघे मित्र होते. ट्रकचा व्यवसाय, आवाजही ट्रकसारखे. त्यांतले पुढारी बापू. ते पैज लावून आले होते, पण तिसरी खोली माझ्याकडे गेल्यामुळे त्यांना चौथीत राहावे लागले आणि त्याबद्दल त्यांना वाईट वाटल्यासारखे दिसले नाही.

"ताई, तुमाला भ्या वाटत न्हाय व्हय?"

"वाटते," मी म्हणाले. "पण मला बसमध्ये सुट्टे पैसे मागायचेही भय वाटते. त्यामानाने हे सोपे आहे."

ते खदाखदा हसले आणि शेंगांच्या चटणीचा वाडगा माझ्याकडे सरकवला. ती चटणी, तेल सोडलेली, उखळात कुटलेली, आणि पापडासारखी कडक भाकरी. केवळ एवढ्यासाठी वाकडी वाट करून इथे यावे.

हकिगत इरव्वा अक्कांनीच सांगितली. त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची. गावोगाव लुगडी विकून सोलापूरला परतणारा एक विणकर तिसऱ्या खोलीत उतरला होता. पहाटे निघायचे होते, म्हणून त्याने रात्रीच शिदोरी सांगून ठेवली. या धर्मशाळेचा नेम असा की पाहुणा रिकाम्या हाताने वाटेला लागत नाही. पण त्या पहाटे घरातल्या बायकांना जाग आली नाही, चूल पेटली नाही. विणकर गाठोडे मांडीवर घेऊन वाट पाहत बसला. उजाडल्यावर भाकरी घेऊन गेले, तेव्हा तो बसल्या जागी गेलेला होता.

"तवापास्नं ह्या घरात चूल पहाटं चारला पेटती. पयल्या चार भाकरी त्येच्या. फडक्यात बांदून खिडकीच्या कट्ट्यावर ठिवायच्या. मग वाटंनं पयला जो धनगर जाईल, त्यो उचलून नेतो. समद्यांना ठावं हाय."

"आणि माग?" बापूंनी विचारले.

"त्यो वाजतो की. आलेला परतेक जन सांगतो." अक्कांचा आवाज खाली आला. "मला मातर कदी आला न्हाय ऐकू. सव्वीस वर्सं झाली लगीन हून. सासूलाबी कदी आला न्हाय. लोकं म्हंत्यात, ज्या घरची चूक, त्या घराला त्यो ऐकवत न्हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू मागवाल्याच्या घरची. ऐक आन् मला खरं सांग यव्वा. त्यो रागावून वाजीवतो का बरं हाय त्येचं?"

मी भुताची परीक्षा घ्यायला आले होते. असा प्रश्न माझ्यावर सोपवला जाईल हे ध्यानीमनी नव्हते. पण 'सांगेन' असे म्हणून गेले.

झोप उत्तम लागली, हे मुद्दाम नमूद करते. जाग आली ती आवाजानेच. अंधार होता आणि भिंतीतून स्पष्ट येत होते: ठप्-ठप्-ठप्-ठप्. थोडी विश्रांती, पुन्हा ठप्-ठप्-ठप्. अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण पाठोपाठ कानांनी आपले काम सुरू केले. मागाला दोन आवाज असतात. धोटा इकडून तिकडे सरकतो तो एक आणि फणी धाग्यावर येऊन ठोकते तो दुसरा. एक सरकतो, एक ठोकतो. इथे फक्त ठोकणे होते. धोट्याचा पत्ता नव्हता. हा माग नव्हे, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

मग काय? मी बॅटरी घेऊन ओसरीवर आले. बाहेर येताच आवाज नाहीसा झाला. ओसरीच्या वळणावर स्वयंपाकघराचा दिवा होता. दारातून अक्कांनी मान बाहेर काढली, कोपरापर्यंत पीठ.

"उठलीस? आला का गं?"

"ऐकते आहे," म्हणून मी परत आत गेले. खोलीत शांतता. क्षणभराने पुन्हा ठप्-ठप्. मी बॅटरी भिंतीवर फिरवली, कोनाड्यात हात घातला आणि हात तसाच राहिला. दगड कोमट होता.

स्वयंपाकघर ओसरीला वळसा घालून असल्यामुळे लांब वाटते. प्रत्यक्षात चुलीची मागची भिंत हीच. अक्का काटवटीत भाकरी थापत होत्या, लाकडी काटवट भिंतीत बसवलेल्या फरशीवर टेकलेली होती आणि तो ठोका दगडातून कोनाड्यात उतरत होता. माझ्याशी बोलताना त्यांचे हात थांबले, तेव्हा विणकरही थांबला होता. लग्न होऊन आल्या दिवसापासून पहाटेची चूल अक्कांच्याच हाती. त्याआधी सासूच्या हाती. ज्यांना तो कधीच ऐकू येणार नव्हता अशा जगात दोघीच, आणि त्याच त्याला वाजवत होत्या.

न्याहारीला बापूंनी आल्या आल्या विचारले, "काय ताई, माग हाय का न्हाय?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. पण हे खोटे बोलून सुटण्यासारखे नव्हते.

"माग नाही. धोटा वाजत नाही."

बापूंचा हातातला घास हातातच राहिला. "म्हंजी आर्दाच माग? आरं बाप रं!" आणि न्याहारी अर्धी टाकून तिघे टेंभुर्णीच्या वाटेला लागले. शिदोरी मात्र घेऊन गेले.

अक्कांचा चेहरा उतरला होता. "म्हंजी त्यो न्हाईच म्हन की."

आता प्रश्न माझा होता. सरळ सांगितले, तर सव्वीस वर्षे उराशी धरलेला पाहुणा मी एका वाक्यात हाकलून दिला असे होईल. न सांगितले, तर त्या मरेपर्यंत स्वतःला दोषी समजतील. मी ओट्यावर चढून नान्नांना फोन केला, एक दिवस जास्त राहते म्हणाले आणि खाली येऊन अक्कांना म्हटले, "उद्या पहाटे भाकरी मी थापते. तुम्ही तिसऱ्या खोलीत, कोनाड्यापाशी बसा."

"तुला येती थापाय?"

"नाही."

त्या खूप हसल्या. पण कबूल झाल्या.

तो मधला दिवस वाया गेला असे समजू नका. आसपास पायी फिरावे, शेताच्या बांधावर बसून वाचावे. संध्याकाळी मेंढ्या परततात तेव्हा ओसरीवर असावे. अक्कांनी खपल्या गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, केली होती. इतकी गोड आणि इतकी पचायला जड की भुताची भीती आपोआप मागे पडते.

दुसऱ्या पहाटे मी काटवटीपाशी बसले. पहिली भाकरी फाटली, दुसरीला कोपरे आले. तिसरी थापत असताना दारात चाहूल लागली. अक्का उभ्या होत्या. डोळे भरलेले, पण ओठ हसू दाबणारे.

"आला ऐकू," त्या म्हणाल्या. "पर आज लई आडान्यावानी थापतोय."

मी पिठाचे हात तसेच धरून बसले. त्या शेजारी टेकल्या. काटवटीवर तळवा एकदा ठोकून पाहिला.

"म्हंजी इतकी वर्सं मीच व्हय गं?"

"तुम्हीच. आणि त्याआधी तुमच्या सासूबाई."

"आन् त्यो?"

"तो रागावलेला नाही अक्का. त्याची भाकरी रोज वेळेवर होते आहे, तेवढेच ऐकू येते."

हे मी वहीत आधी लिहून पाहिले नव्हते. अक्कांनी पदराने डोळे पुसले, मला बाजूला सारले आणि पिठाचा गोळा हातात घेतला. भाकरी अशी गरगर वाढली की मी थक्क होऊन पाहत राहिले.

हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. "लिव्ह की," त्या म्हणाल्या. "ज्येला भूत पायजे त्येनं भूत ऐकावं. ज्येला भाकरी पायजे त्येनं भाकरी. खोली तीच हाय." म्हणून लिहिले आहे.

निघताना त्यांनी माझ्या हातात दोन गाठोडी दिली. "ही तुजी. आन् ही त्येची. त्यो सोलापूरला निगाला हुता न्हवं? तू तिकडंच चाललीस. तुज्या वडलांना दे."

"आणि उद्यापासून?"

"उद्याबी करनार की. धनगर काय उपाशी जाईल व्हय?"

घरी पोहोचले तेव्हा आईने दारातच विचारले, "दय्यम् कनिपिंचिंदा?" भूत दिसले का म्हणून. मी म्हटले, दिसले नाही, पण त्याने डबा पाठवला आहे. मग सगळी हकिगत सांगितली. न अडखळता, न लिहिता.

नान्ना उठून हातपाय धुऊन आले, पाटावर बसले आणि फडक्याची गाठ सोडली. कडक भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. चौथी भाकरी संपेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा मागितले नाही. मग रिकाम्या फडक्याचा काठ सवयीने अंगठ्याखालून सरकवून पाहिला आणि फडके घडी घालून माझ्याकडे दिले.

"शिदोरीचं फडकं ठेवून घ्यायचं नसतं," नान्ना म्हणाले. "धुऊन परत करायचं."

ते आता गच्चीत वाळते आहे.