कंट्रोलरचं खणाचं कव्हर

जर्मनीत नेकारसुल्मला आमच्या बागेशेजारी एक जर्मन आजोबा आहेत, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हात कायम ग्रीसने काळे. कुठलंही यंत्र दाखवलं की ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, म्हणतात आणि पोराचा ताप बघावा तसा त्याला उलटा पंजा लावतात.

आमच्या बागेतल्या खोलीतला, सौर पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा स्वस्तातला सोलर चार्ज कंट्रोलर सारखा तापून बंद पडायचा. का, ते मला कळेना. मी इंजिनिअर आहे, हे आजोबांना सांगितलेलं नाही. पुण्याहून आलेल्या आईने, मिक्सरला शिवतात तसं, कंट्रोलरला खणाचं कव्हर शिवलं होतं. धूळ नको म्हणून ते मीच चढवलं होतं.

आजोबांनी ते अलगद काढलं. मागे उष्णता ओढून घेणारी अॅल्युमिनियमची खाचांची पट्टी बसवली, हवा खेळावी म्हणून कंट्रोलर भिंतीपासून बोटभर पुढे घेतला.

“माझं कव्हर नडलं का रे?” आईचा चेहरा उतरला.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. “आल्झो, हे मला द्याल?”

मी मराठीत सांगितलं.

“अगंबाई! न्या की!”

आता त्यांच्या हत्यारांच्या पेटीवर खण असतो. आई फोनवर आधी त्या पेटीची चौकशी करते. आणि पेटी उघडायच्या आधी आजोबा हात धुऊन येतात.