दोन्ही पाय सारखेच गरम

आमच्या नाटक कंपनीत खरी नटी एकच, ती पांढरी घोडी. बाकी आम्ही तिच्या मागेपुढे उभे राहणारे! हे तिची निगा राखणारा मोतद्दार म्हणायचा, आणि मी डोक्यावर मुकुट घालून समोर उभा असताना म्हणायचा. काय माणूस होता! अर्धं आयुष्य घोड्यांच्या पायाशी उकिडवं बसण्यात गेलेलं.

"राजेसाहेब, घोड्याचं तोंड काय बघता? इथं बघा." इथं म्हणजे खुराच्या थोडं वर, पाय जिथे मोडून पुढे वळतो तो सांधा. वरून नळीचं लांब हाड येतं, खालून आखूड हाड. मागे बोराएवढी दोन हाडं, आणि सगळ्याला झोळीसारखा तोलून धरणारा एक चिवट पट्टा. उडी मारून उतरताना सगळा भार त्या सांध्यावर येतो. तो जमिनीला टेकेल इतका खाली जातो आणि परत वर येतो. "वर येतो तोवर आपण जेवतो," तो म्हणायचा.

प्रयोगाआधी तो हाताच्या पाठीने घोडीचे पुढचे दोन्ही पाय चाचपायचा. एक गरम, एक गार असला तर गरम पाय दुखावलेला; मग उडी बंद, मालक कितीही आदळआपट करोत. दोन्ही सारखे असले की पडदा वर. नाटकातल्या किल्ल्याच्या तटावरून घोडीसह रंगमंचावर उडी घ्यायची ती त्याची एकुलती एक मुलगी.

त्या उन्हाळ्यात रंगमंचाला नव्या, टणक फळ्या बसवल्या. थोड्याच दिवसांत घोडी उडीआधी कान मागे टाकू लागली.

"बाबा, ती अडखळते हो," पोरगी म्हणाली.

"तू लगाम ओढतेस."

"मी नाही ओढत. तुम्हीच बसा एकदा वर."

"मी बसलो तर तटच खाली यायचा!"

आम्ही हसलो. घोडी मात्र उभ्या उभ्या भार या पायावरून त्या पायावर टाकत होती.

त्या दिवशी त्याने हात लावला तेव्हा मी शेजारीच मिशी चिकटवत होतो. डावा. उजवा. पुन्हा डावा.

"गरम आहेत, पण सारखेच आहेत. हवाच तशी आहे."

पोरीनेही हात लावला. बापाने शिकवलेलं तेवढंच तिला येत होतं. ती वर चढली.

माझं भाषण रंगात आलं होतं. सहज विंगेत पाहिलं, तर मोतद्दार पुढच्या प्रवेशातल्या रथाच्या म्हाताऱ्या घोड्याला थोपटत होता. थोपटता थोपटता त्याचा हात सवयीने खाली गेला आणि तिथेच थांबला. हवा तर या घोड्यालाही तीच होती. पाय मात्र गार होते.

त्याने हाक मारली. नगाऱ्यांत ती विरली. तटावर टापा सुरू झाल्या होत्या. मळक्या बनियनवर तो रंगमंचावर धावला, हात पसरून. घोडी उतरली. सांधा खाली गेला, आणि वर आलाच नाही.

पोरगी बापाच्या अंगावर पडली, म्हणून वाचली. ती उठली. तो उठला नाही. मोडलेला हात पोटाशी धरून तो सरपटत घोडीजवळ गेला, आणि दुसऱ्या हाताने चाचपत राहिला: डावा, उजवा, पुन्हा डावा.