पिंजऱ्यातली सुकट

शेजारी सुकट भाजली की मी अन् बायकोनं तळवलीत केलेलं शेवटचं काम आठवतं. तीस वर्षं झाली.

खाडीतला कोल्हा आमच्या कोंबड्या न्यायचा. त्याला धरायला पिंजरा लावला, अन् त्याची भीती मोडावी म्हणून मी आठवडाभर पिंजऱ्याचं दार उघडंच बांधलेलं. आत सुकट बायको ठेवायची, कारण माझ्या हाताला बिडीचा वास.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "अवो, इश्वासानं खातोय तो. उद्या खरंच अडकवनार?"

"मंग? जावई हाय काय तुझा?"

ती हसली.

सकाळी ती उठलीच नाही. दुपारी तिला स्मशानात पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याशी गेलो. तिची सुकट त्यानं खाल्ली होती. मी दार उपटून खाडीत फेकलं, राखेनं हात घासघासून धुतले, अन् मूठभर सुकट ठेवली.