सत्तेचाळीसच्या पुढची शून्यं

डेटाबेसमध्ये फालतू काही साठवू नका, असं आमचे मॅनेजर रोज बजावतात. पण किस्से साठायला कुणाची परवानगी लागते! उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओतकामाच्या फाउंड्रीत मी क्वेरी लिहितो, म्हणजे कॉम्प्युटरमधून हवी ती माहिती काढायच्या आज्ञा. त्यातला निम्मा वेळ आकड्यांपुढं शून्यं लावण्यात जातो. काय काम करतोस असं घरी विचारलं की मी विषय बदलतो.

*

नव्या सॉफ्टवेअरला प्रत्येक कामगाराचा नंबर सहा अंकीच लागतो. कमी पडला की पुढं शून्यं भरायची. खानापूरकडून मोटरसायकलवर येणारे शंकरअण्णा आमचे साचे भरणारे सगळ्यांत जुने मोल्डर, नंबर ४७. त्यांच्या हातात ००००४७ चं नवं कार्ड ठेवलं.

"एवढी वर्सं राबलो, आन् चार शून्यंच मिळाली व्हय रं? ती बी पुढं!"

*

ऑफिसातल्या सुनीताआक्का एक्सेलमध्ये हीच शून्यं हातानं टाइप करत होत्या. एंटर दाबलं की गायब! दुपारपर्यंत हेच चाललं होतं.

"कुठं जात्यात रं ही?"

"एक्सेल खातं, आक्का."

"म्हंजे सकाळधरनं मी त्याला जेवाय वाढायलेय म्हण की!"

*

नावांचंही तसंच. रकाना वीस अक्षरांचा, नाव छोटं असलं की क्वेरी मागं मोकळी जागा भरते. आमच्या फिटरच्या गेटपासवर ‘राम’ आणि ‘पाटील’ यांच्यात बोटभर अंतर पडलं. वॉचमननं त्याला अडवलं. "मधलं काय खोडलायस?"

"खोडलं न्हाय मामा. घरात वाटण्या झाल्या, नावात बी झाली!"

*

आता अण्णांचं. वर्धापनदिनाला शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट मिळतं, आणि अण्णांचा सगळा जीव त्यात. लेकीच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा त्यांनी रविवारचा काढला होता! रिटायर व्हायच्या आधी यादी निघाली. अण्णांच्या नावापुढं हजेरी, शून्य दिवस.

हजेरीला अंगठा घेणारं थंब मशीन ४७ पाठवत होतं, माझी क्वेरी ००००४७ शोधत होती. चूक माझीच. अण्णा ओरडले नाहीत. "मी आलतोच न्हाय म्हणतंय व्हय?" एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासमोरच क्वेरी दुरुस्त केली आणि हजेरी पूर्ण दाखवली. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक दिवस मोजला.

अण्णा रिटायर झाले. वर्धापनदिन अजून दोन महिने लांब होता. पुढच्या आठवड्याचा रिपोर्ट बघतो तर काय, ००००४७ रोज हजर! दोन दिवस मी क्वेरी चाळली, चूक सापडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच जाऊन उभा राहिलो. आठच्या ठोक्याला अण्णा मोटरसायकलवरून आले, थंब मारला आणि परत निघाले.

"अण्णा, रिटायर झालासा की!"

"व्हय की. पर सर्टिफिकेट हातात पडंपतोर तुझ्या कॉम्प्युटरचा काय भरवसा? कमी पडलं की तू पुढं शून्यं भरतोस न्हवं? तसं मी मागं चार दिस भरून ठेवायलोय!"