निफाडच्या घराच्या फटी मी बुजवल्या

शकुमावशी, मी निफाड सोडलं तेव्हा माझा ओठ फुटलेला होता. "आर्किटेक्ट व्हायचंय म्हणे!" असं म्हणत अण्णांनी माझा ड्रॉइंग बोर्ड माझ्याच पाठीत घातला होता. आईनं पिशवी हातात कोंबली. "जा. इकडं परत तोंड दाखवू नको," एवढंच म्हणाली. एसटीत मी रडले नाही, नुसती चरफडत होते.

आता पुण्यात, खराडीच्या ऑफिसात घामाघूम होऊन मी कॅनडातल्या लोकांची घरं आखते. जाड इन्सुलेशन, खिडकीला तिहेरी काच आणि सुईएवढीही फट नाही. फटीतून ऊब जाते, मग हीटर दिवसरात्र चालवावा लागतो. हे शिकले आणि शहाणपण अंगात आलं. दिवाळीनंतर अण्णा बाहेरगावी गेलेले पाहून मी निफाडला घरी आले, तर थंडीनं आईची बोटं आखडलेली. दोन दिवसांत दारं-खिडक्यांना रबरी पट्ट्या लावल्या, फटींत फोम भरला, दुहेरी काचा बसवून घेतल्या. "किती ऊबदार झालं गं," आई म्हणाली. मी फुगले.

अण्णांचा हात उठला की तू शेजारून विरजण मागायला यायचीस. रोज कुणाला विरजण लागतं? पण तुला त्या फटींतूनच ऐकू जायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जानेवारीत त्यांनी पाटानं आईचा हात मोडला. ती ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी तू फोनवर रडलीस, "घरातनं आवाजच येईना गं. मला वाटलं, सुधारला माणूस."

तशीच निघाले. घरात शिरले, वरवंटा उचलला आणि मीच बसवलेल्या काचा एकेक करून फोडल्या. अण्णा धावून आले. "एक पाऊल पुढं टाकलंत तर डोकं फोडीन!" खरंच फोडलं असतं. ते थांबले. मी आईला घेऊन बाहेर पडले तेव्हा माझ्या हातातून रक्त गळत होतं आणि देवाशपथ, बरं वाटत होतं.

तू दोष लावून घेऊ नकोस, मावशी. चूक माझी.

आई आता कोथरूडला माझ्याकडं असते. प्लास्टर निघालं तसा तिला कंठ फुटला. भाजी करपली, मी उशिरा उठले, कशावरूनही तारस्वरात भांडते. परवा खालच्या काकांनी दाराला चिठ्ठी लावली, "आपल्या मातोश्रींचे भाषण आम्हांस विनामूल्य ऐकू येते. कृपया आवरावे." आईनं गॅलरीतून त्यांनाही चार सुनावल्या. मी चहा टाकला.

घराची आठवण येत नाही का, विचारलंस. अगं, घर इथंच आहे. इथं आई ओरडते, ती कुणी मारतंय म्हणून नाही.