पेटी थोडी येते

दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कारेगावजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि ते नीट बनले का नाही हे मी तपासतो. केसाएवढा फरक दिसला तरी तो भाग लाल क्रेटमध्ये जातो. लाईनवरची पोरं मला बघून सरळ उभी राहतात. सरळ उभं राहणारं माणूस मला तेवढ्या एकाच ठिकाणी भेटतं, कारण घरी माझी ख्याती वेगळी आहे. आमच्या बाथरूमच्या दाराला रंग आहे, पण कडीपर्यंतच. चालायला जायचं म्हणून घेतलेले बूट चार वर्षांनीही नवे आहेत. वर्षभरात सबंध शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचा संकल्प मी तीनदा सोडला आहे. तिन्ही वेळा इस्राएल लोकांच्या मागोमाग वाळवंटात शिरलो. ते चाळीस वर्षांनी का होईना, बाहेर पडले. मी अजून तिथंच आहे.

बायको शिरूरला एका दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, "अहो, तुमच्या कंपनीत तुम्ही स्वतः लाईनवरून आला असता, तर तुम्हीच तुम्हाला लाल क्रेटमध्ये टाकलं असतं."

तर अशा माणसावर यंदा एक काम येऊन पडलं, आणि त्याला कारण माझंच बावीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य.

माझे सासरे दौंडचे. मी त्यांना मामा म्हणतो. रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन डब्याडब्याच्या चाकांवर ठोकत जायचे आणि आवाज ऐकायचे. चांगलं चाक टणकन वाजतं, चिरलेलं बद्द बोलतं. त्याच कानांच्या जोरावर ते देवळातली पेटी वाजवत, म्हणजे आमच्या चर्चमधली. मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, "पेटी वगैरे येते का?" मुलगी दारात उभी होती. मी म्हणालो, "थोडी येते."

मला पेटी उघडायची कुठून हेही माहीत नव्हतं.

बावीस वर्षं कुणी काही विचारलं नाही. यंदा नाताळ झाला आणि मामांना एक छोटा झटका आला. निभावलं. चालतात, बोलतात, मटणात मीठ कमी असलं तर पूर्वीसारखंच ऐकवतात. फक्त उजव्या हाताची बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत.

ईस्टरला उजाडायच्या आत आमची मंडळी दौंडच्या कबरस्तानात जमते. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असतो. प्रत्येक घराच्या आपापल्या कबरीवर फुलं, मेणबत्त्या. पाळकसाहेब प्रार्थना घेतात, गाणी होतात. आणि शेवटचं गीत सासूबाईंच्या आवडीचं. त्या गेल्यापासून दर ईस्टरला मामा ते त्यांच्या कबरीशी बसून वाजवतात. स्वतः गात नाहीत, नुसतं वाजवतात. यंदा तरुण मंडळींनी तोड काढली, की गीत मोबाईलवर आहे, स्पीकर आणू. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मामांचा चेहरा उतरला.

"तिच्या उशाशी मोबाईल वाजवणार?" ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "जावईबापू, तुम्हाला पेटी थोडी येते ना? त्या थोडीचं बावीस वर्षांत किती झालं?"

बायको दुसरीकडं बघून हसत होती. तिला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.

खरं सांगायची ती वेळ होती. पण मामा डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चोळत बसले होते. मी म्हणालो, "बसवतो."

मामांची पेटी कारेगावला आणली. सासऱ्यांनी डाव्या हातानं वहीत बोटांचे आकडे घालून दिले होते. गीत साधंच होतं. पहिल्या दोन ओळी सपाट रस्ता, तिसऱ्या ओळीत एकदम वरच्या सुरावर उडी, चौथीत परत घरी. पंधरा दिवसांत मला पहिल्या दोन ओळी अशा बसल्या की मीच स्वतःवर खूश झालो. तिसरीपाशी बोटं अडखळली की मी परत पहिलीपासून सुरू करायचो. पहिली ओळ कशी छान वाजते! माणसानं जिथं छान वाटतं तिथंच रमावं, हे माझं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान.

खालच्या मजल्यावर आमचे घरमालक राहतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांच्या आज्यापणज्यांची मेंढरं होती, आता दोन म्हशी आणि भाड्याच्या सहा खोल्या आहेत. ते एक दिवस जिन्यातूनच ओरडले.

"काय ओ सायेब! रोज दोनच वळी का वाजिवता? फुडचं पान उंदरानं खाल्लं का काय?"

"बसवतोय, आप्पा."

"आवो, धारंला बसलो की माझ्या त्वांडात तेच येतंय आन् तितंच आडकतंय. म्हस मागं वळून बगती, म्हंती ह्याचं फुडं काय झालं?"

तरीही मी रविवारी मोटरसायकलला पेटी बांधून आत्मविश्वासानं दौंडला निघालो. न्हावरे, चौफुला, पुढं उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीच्या मागं अडकलो की पेट्रोलच्या टाकीवर बोटं चालवायची. पहिल्या दोन ओळींचीच.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या ओळीला मी पटकन काहीतरी सारवासारव करून चौथीवर उतरलो.

"बद्द वाजलं," ते म्हणाले.

मी माझी विद्या काढली. "मामा, आमच्याकडं शंभरातले पाच तपासतात. पाच चांगले निघाले की अख्खा लॉट पास. इथं तर चारातल्या तीन ओळी चांगल्या आहेत."

"गाडीत बसणारा माणूस कुठल्या चाकावर बसतो, जावईबापू?"

मी मग म्हणालो, "पण मामा, देव तर मन बघतो. चुकलेलंही तो ऐकून घेतो."

"घेतो की. माझी बायकोपण मी करपवलेली भाकरी मुकाट खायची. म्हणून रोज करपवायची का?" मग हळू आवाजात म्हणाले, "तो चुकलेलं घेतो म्हणून तर आपण न घाबरता चाळीस वेळा चुकायचं. चुकलेलंच नेऊन द्यायचं म्हणून नाही."

उपवासकाळ सुरू झाला होता. चाळीस दिवस. ह्या दिवसांत आमच्यात कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मामांनी मला पहिली ओळ सोडायला लावली. दुसरीही. ईस्टरपर्यंत फक्त तिसरी, रोज चाळीस वेळा.

शास्त्रातली ती विधवा मला फार आवडायची, जी त्या निगरगट्ट न्यायाधीशाच्या दारी रोज जाऊन उभी राहते आणि शेवटी त्याला दमवून न्याय मिळवते. लहानपणापासून मी त्या गोष्टीचा अर्थ धरला होता की देवाच्या मागं लागलं की मिळतं, म्हणून मी मागं लागायचो. प्रमोशनसाठी, गुडघेदुखीसाठी. पण एकविसाव्या का बाविसाव्या दिवशी, कंपनीतून येऊन, बोटं ताठलेली, तीच ओळ तीसदा वाजवून झाल्यावर मला वेगळीच शंका आली. ती बाई रोज ऊन डोक्यावर घेऊन जायची. न्यायाधीश बदलला का नाही कुणास ठाऊक, पण तिचे पाय नक्की बदलले असणार. मी आजवर देवाला दमवायला बघत होतो. माझ्या बोटांना दमवायचं राहून गेलं होतं.

हा विचार बायकोला सांगितला. ती म्हणाली, "छान आहे. अजून दहा वेळा राहिलंय."

खालून आप्पा म्हणाले, "आता निस्तं मधलंच? सायेब, म्हशीनं पान्हा चोरलाय!"

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ती उडी जमली. सलग जमली, डोळे मिटून जमली, बायकोशी भांडतानाही जमली. मी ताबडतोब लॉट पास केला. तिसरी आली म्हणजे गीत आलं, बाकीच्या ओळी तर आधीच तपासून ठेवल्या होत्या. शेवटच्या तीन दिवसांत मी नव्या शर्टाला इस्त्री केली.

पहाटे कबरस्तानात गारठा होता. पेटी स्टुलावर, मी प्लास्टिकच्या खुर्चीत, शेजारी मामा. समोर चुन्यानं पांढरी झालेली सासूबाईंची कबर आणि तिच्यावर त्यांच्या लेकीनं लावलेल्या मेणबत्त्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. शे-दीडशे माणसांनी श्वास घेतला.

आणि मी पहिली ओळ चुकलो.

तिसरी नव्हे, पहिली! आप्पांच्या म्हशीला पाठ असलेली. चाळीस दिवस तिला हात लावला नव्हता. बोट घसरून भलत्याच पट्टीवर पडलं, गाणारे अर्धे इकडं, अर्धे तिकडं. गायनमंडळातल्या एका मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लाल क्रेटकडं बघतो. माझा डावा हात भात्यावरच गारठला. आता सगळं थांबणार, आणि कुणीतरी मोबाईल काढणार.

पण सूर थांबला नाही. उजव्या हाताचा अंगठा भीतीनं एका पट्टीवर चिकटून राहिला होता, आणि पेटीचा भाता हलत होता. मामा खुर्चीतून वाकले होते. त्यांच्या शाबूत डाव्या हातानं माझा हात बाजूला केला होता, आणि भाता ते मारत होते. माझ्याकडं बघतही नव्हते. समोर कबरीकडं बघत, हळूहळू, त्या एका सुराला श्वास पुरवत होते.

"परत," ते म्हणाले. "लोक थांबतील."

मी परत सुरू केलं. पहिली ओळ लंगडत गेली, दुसरी तिच्या आधारानं. तिसरी आली. बोटं मला न विचारता वर गेली आणि बरोबर त्या सुरावर उतरली. तेवढ्यात बाजूनं एक जाडाभरडा, फाटका आवाज आला. मामा गात होते. इतक्या वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. वाजवणारा हात रिकामा झाला होता, म्हणून असेल. चारही कडवी आम्ही दोघांनी मिळून वाजवली, भाता त्यांचा, बोटं माझी. बायकोचा आवाज तिसऱ्या कडव्यात बसला, तो पुन्हा वर आलाच नाही.

नंतर चहा पिताना मी वाट बघत होतो.

"एक चाक ढिलं होतं," मामा म्हणाले.

"पहिलं."

"हं." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "मुलगी बघायला आलात तेव्हा खोटं बोलला होतात ना?"

"हो, मामा."

"मला माहीत होतं. पेटीकडं बघून घाबरला होतात." एक घोट घेतला. "आता कुणी विचारलं तर सांगायला हरकत नाही. थोडी येते."

सोमवारी संध्याकाळी कारेगावला पेटी उघडली आणि पहिली ओळ धरली. चाळीस वेळा. दहाव्याला खालून आवाज आला, "आलं का ओ परत मूळपदावर?"