पोट आत ओढल्याचे दोन इंच

वहिनींचं कटिंगचं टेबल उचलायचं, हे ठरवताना दिरानं त्यांना विचारण्याची तसदी घेतली नव्हती. शिवणाचं दुकान त्याच्या नावावर, पण चोवीस वर्षं कापड बेतलं ते वहिनींनी. नवरा गेल्यावरही खिडकीजवळच्या त्या टेबलाशी खडू आणि कात्री घेऊन त्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. आता दीर म्हणत होता, दुकानाची वेबसाइट करून घेऊ. गिऱ्हाईक लहान, मध्यम, मोठं यातलं एक निवडेल आणि कापलेला माल कारखान्यातून येईल.

"मग मी काय करायचं, भाऊजी?"

"घड्या घाला. बसून काम. पायांना आराम."

आरामाचं नाव काढलं की वहिनींच्या कपाळाला आठ्या पडत. "माप घेणारं पान मी बनवते," त्या म्हणाल्या. "महिनाभर थांबा. नाही जमलं तर टेबल मीच उचलीन."

"वहिनी, त्याला जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा यावी लागते. ती काही कात्री नव्हे."

"कात्री तरी मी आईच्या पोटातून शिकून आले होते का?"

ग्रंथालयातल्या मोफत वर्गात शेजारी बसणारी माणसं त्यांच्या निम्म्या वयाची होती. पहिला आठवडा नुसत्या चुकांत गेला. एक कंस राहिला की पान ढिम्म हलायचं नाही. "मावशी, हळूहळू येईल," असं शिक्षिका म्हणायची. ते 'हळूहळू' वहिनींना मुळीच आवडत नव्हतं, कारण हातात महिनाच होता. पण एक गोष्ट त्यांना मनापासून पटली. मापांचा हिशेब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच ब्राउझरमध्ये होतो. माप बदललं की पान जागच्या जागी बदलतं, ट्रायलच्या वेळी टाचणी सरकवावी तसं. बाकीचं सगळं त्या हट्टानं शिकल्या, दोनदा तर चक्क रडून.

महिना भरला. दीर टेबलाशी येऊन बसला आणि लॅपटॉपवर स्वतःचीच मापं टाकू लागला. छाती चाळीस. सैलपणाचे चार इंच मिळवून पानानं चव्वेचाळीस दाखवले. मग कंबर, एकोणचाळीस. तिला दोन मिळवायचे होते. पानानं दाखवलं, ३९२ इंच.

दीर खो खो हसला. "या पँटीत अख्खी गल्ली मावेल, वहिनी. उचला टेबल."

वहिनींनी चूक लगेच ओळखली. छातीच्या वेळी हीच चूक वर्गात झाली होती. रकान्यात लिहिलेला आकडा पानाला नुसता मजकूर वाटतो, मग ते बेरीज न करता एकोणचाळीसच्या पुढे दोन चिकटवून मोकळं होतं. 'हा आकडा आहे' असं त्याला आधी बजावावं लागतं. छातीच्या ओळीत त्यांनी ते बजावलं होतं, कंबरेच्या ओळीत विसरल्या होत्या.

"टेबलाला हात लावू नका," वहिनी म्हणाल्या. "बाही चुकली म्हणून अख्खा शर्ट फेकतो का आपण?"

त्याच्या समोरच त्यांनी ती ओळ शोधली, एक शब्द घातला आणि त्याला पुन्हा मापं टाकायला लावली. कंबर आता एक्केचाळीस आली. खाली एक प्रश्न उमटला : 'मोजताना पोट आत ओढलं होतं का?'

"हे काय भलतंच?"

"चोवीस वर्षांत पोट न ओढता माप देणारा पुरुष मला भेटलेला नाही. कारखान्याला हे कोण सांगणार?"

दिरानं 'नाही' दाबलं. वहिनींनी गळ्यातली टेप काढून हातात धरली आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग 'हो' दाबलं. एक्केचाळीसचे त्रेचाळीस झाले.

"राहू दे टेबल," तो म्हणाला.

"ते राहणारच होतं," वहिनी म्हणाल्या. "सरका जरा, कापड पसरायचंय."